मोटर केवढी घ्यायची?

आमच्या मागच्या पडवीत खुंटीला एक काटा टांगलेला असतो. स्प्रिंगचा, खाली आकडा असलेला, दहा किलोपर्यंत मोजणारा. तो माझ्या दिरांचा. ते होडीवर जात होते तेव्हा मासळीचे वाटे करताना लागायचा. गेली दोन वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. मे महिन्याच्या अखेरीस होड्या वर ओढून घेताना दिरांच्या पाठीत कळ आली. सगळे म्हणाले, उसण भरली. निघाली मणक्याची गादी सरकलेली. वजन उचलायचं नाही, ओढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. होडीवर याखेरीज दुसरं काम काय असतं? तेव्हापासून ते एका दुकानात बसतात आणि वेळागरच्या किनाऱ्याकडे सहसा फिरकत नाहीत.

किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्या वाचकांसाठी सांगते. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यात दर्या खवळतो, माशांच्या विणीचेही ते दिवस. त्याआधी शिरोड्यासारख्या गावात होड्या वाळूवरून वर, माडांच्या आडोशाला आणून झाकून ठेवाव्या लागतात. दहा-पंधरा माणसं लागतात. आता काही ठिकाणी ट्रॅक्टर आणतात, पण तो वेळेवर मिळेल तेव्हा खरं.

माझी पुतणी, म्हणजे याच दिरांची मुलगी, आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी प्रत्येकाने एक कल्पना लिहून आणायची होती. बहुतेक मुलांनी ज्वालामुखी, पावसाचं पाणी साठवणं आणि कचऱ्यातून खत हे लिहिलं. हिने लिहिलं, ‘रिमोटवर चालणारा होडी ओढणारा ट्रॅक्टर’. कागद माझ्यापाशीच आला, कारण मी उर्दू आणि मराठी शिकवत असले तरी प्रदर्शनाची नोंदणी माझ्याकडे होती. वाचून मी कागद उलटा ठेवला आणि थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. घरी तिने याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

माझा मुलगा अकरावीत. मोबाइलवर जगभरचं बघत असतो. त्याने बहिणीला लगेच सांगितलं की ट्रॅक्टरने ओढण्याची अमेरिकेत रीतसर स्पर्धाच असते, १९२९ पासून. ट्रॅक्टरच्या मागे एक घसरगाडी बांधतात आणि तिच्यावरचं वजन ट्रॅक्टर पुढे जाईल तसं पुढे पुढे सरकत येतं. म्हणजे जितकं पुढे जाल तितकं ओझं जड. हॉलंडमध्येही हा खेळ फार चालतो, आणि हौशी लोक त्याचे छोटे रिमोटचे ट्रॅक्टर बनवून तशाच स्पर्धा घेतात. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात ट्रॉली लावून ट्रॅक्टर उलटा चालवायच्या शर्यती होतात, पंजाबात दोन ट्रॅक्टर एकमेकांना बांधून खेचाखेची होते. माणसाला ओझं ओढायची हौस सगळीकडे आहे, फक्त आमच्या किनाऱ्यावर ती हौस नसून गरज आहे.

सांगाडा सागवानाच्या तुकड्यांचा झाला. चाकं सावंतवाडीहून आणली. तिथल्या चितारआळीत लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत, त्यांच्यापैकी एकाने लेथवर बारा सेंटिमीटर व्यासाची दोन सुरेख चाकं कातून दिली आणि पैसे घेताना ‘पोरीचं काम आहे’ म्हणून वीस रुपये परत दिले. रिमोट मिळाला घरातूनच. यांनी मस्कतहून आणलेली मुलाची एक गाडी माळ्यावर मोडून पडली होती. तिचा रिमोट आणि आतलं कार्ड चांगलं होतं. राहिली मोटर.

इथून पुढे चूक माझी आहे.

पुतणीकडे दोन्ही ईदची मिळून नऊशे रुपये ईदी साठली होती. ती तिने माझ्याकडे ठेवायला दिली होती. मुलांची ईदी आपण कपाटात ठेवतो तेव्हा ती अमानत असते हे आपण सगळ्या जाणतो, आणि महिनाअखेरीला गॅसचं सिलिंडर आलं की विसरतोही. मी ती विसरले नव्हते. उलट मला वाटत होतं की मी ती सत्कारणी लावते आहे.

पुतणी म्हणाली, “चाची, आधी होडी ओढायला किती जोर लागतो ते अब्बांच्या काट्यावर बघू या?”

मी म्हटलं, “काटा मासळी मोजायला असतो. चांगली मोठी मोटर घेतली की जोराची चिंताच नको.”

ती गप्प बसली. आमच्या घरात मुलं मोठ्यांना उलटून बोलत नाहीत. याचा मला अभिमान होता.

मी दुकानांची पानं चाळली. त्यात ‘७७५’ नावाची एक मोटर दिसली. हातातल्या ड्रिल मशीनमध्ये बसवतात त्या जातीची, मुठीएवढी, वजनदार. मिनिटाला हजारो फेरे, असं लिहिलं होतं. हजारो फेरे म्हणजे भरपूर ताकद, असा मी अर्थ लावला. भाषेच्या शिक्षिकेने आकड्यांचा लावलेला अर्थ! मोटर, कंस, कप्प्या, पट्टा आणि कुरिअर मिळून नऊशे रुपये पुरते गेले. मोटरच्या दांड्यावर छोटी कप्पी, चाकाच्या आसावर तिच्या चौपट मोठी कप्पी, मध्ये पट्टा. मोटर चालू-बंद करायला शाळेच्या पेटीतलं लाल कार्ड. बारा व्होल्टची बॅटरी.

घरातल्या फरशीवर ट्रॅक्टर असा सुसाट सुटला की थेट न्हाणीच्या उंबऱ्यावर आदळला. सासूबाई तसबीह घेऊन बसल्या होत्या, त्यांनी पाय वर घेतले. आम्ही सगळे खूश. दुसऱ्या दिवशी असरनंतर वेळागरला गेलो. मागे फूटभर लांबीची लाकडी होडी, त्यात ओली वाळू भरलेली. पुतणीने रिमोट दाबला. ट्रॅक्टर जागचा हलला नाही. मोटर घुमल्यासारखी गुणगुणली. “दाबून ठेव, दाबून ठेव,” मी ओरडले. हेही माझंच. पाच-सहा सेकंदांत लाल कार्डातून धूर आला आणि मोटरमधून जळक्या वार्निशाचा वास. मुलाने धावत जाऊन वायर ओढून काढली तेव्हा ती हाताला चटका बसेल इतकी तापली होती.

परत येताना पुतणी होडी छातीशी धरून चालत होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

काय झालं ते त्या रात्री मुलाने समजावलं, आणि त्याचं सांगणं मला कळलं ते स्वयंपाकघरामुळे. मिक्सरमध्ये सुकं खोबरं जास्त घातलं की पातं अडकतं, मिक्सर घुं करतो आणि वास येतो. आपण लगेच बटण बंद करतो. मोटर फिरत असते तेव्हा ती फिरण्यामुळेच आतून उलटा दाब तयार करते आणि वीज बेताने आत येते. ती अडकली की तो उलटा दाब उरत नाही. मग बॅटरी जेवढी देऊ शकेल तेवढी वीज तारेतून धावते आणि काम काहीच होत नसल्याने तिची सगळी उष्णता होते. आमचं लाल कार्ड एका बाजूला दोन अँपिअर सोसणारं. अडकलेली ७७५ मागत होती त्याच्या कितीतरी पट.

आणि मोटर मोठी असून अडकली का? कारण वेग आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटरची ताकद म्हणजे या दोहोंचा गुणाकार. मी ताकद सगळी वेगाच्या रूपात विकत घेतली होती. ती जोरात बदलायची तर मध्ये दातेरी चाकं हवीत. वेग पन्नास पटीने कमी करा, जोर जवळजवळ पन्नास पटीने वाढतो, थोडा घर्षणात जातो. आमची कप्पी फक्त चौपट होती. आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होतं. कोकणातल्या बागांमध्ये रहाट होते त्यांचे लाकडी दाते आठवा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला दियारबकरच्या दरबारात अल-जझरी नावाचे कारागीर होते. त्यांनी १२०६ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात पाणी वर चढवण्याच्या यंत्रांच्या आकृत्या आहेत. जनावर गोल फिरतं आणि दातेरी चाकांमधून त्याचा जोर पाण्यापर्यंत पोचतो. आपल्या मासिकांतून अल-जझरींचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. मीही वर्गात केला आहे. त्यांनी जे केलं ते घरात करून बघायची वेळ आली तेव्हा मात्र मी मोठा आकडा बघून मोटर मागवली.

सकाळी फजरनंतर मी पुतणीला उठवलं नाही, तिच्या उशाशी बसून राहिले. ती उठल्यावर सांगितलं की तू काटा म्हणाली होतीस ते बरोबर होतं, मी ऐकलं नाही आणि तुझे पैसे गेले. मी ते परत देईन. ती म्हणाली, “असू दे ना चाची.” मी म्हटलं, असू दे नाही. हे मी नाश्त्याला सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, कारण ‘मोठ्यांचं ऐक’ हेही मी सगळ्यांसमोरच म्हणत आले होते. सासूबाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. दीर चहा पीत होते. त्यांनी काहीच न बोलता उठून पडवीतला काटा काढला, फडक्याने पुसला, आकड्याला तेलाचं बोट लावलं आणि लेकीपुढे ठेवला.

त्या संध्याकाळी ते आमच्याबरोबर किनाऱ्यावर आले.

मोजणी पुतणीने केली, वहीत मी लिहिलं. वाळू भरलेली होडी चार किलो. कोरड्या वाळूवर तिला काट्याचा आकडा अडकवून ओढलं. जागची हलेपर्यंत काटा सव्वादोन किलोवर गेला, हलल्यावर पावणेदोनवर आला. दीर म्हणाले, “पयलो हिसको जड. एकदा हलली की मगे येता.” पुस्तकात याला स्थितिक आणि गतिक घर्षण म्हणतात. मी हे शब्द मराठीच्या तासाला समानार्थी शब्दांसारखे घोकून घेतले असते.

मग तिने एक गोष्ट केली जी माझ्या डोक्यात कधीच आली नसती. ट्रॅक्टरची मागची चाकं सुतळीने घट्ट बांधली आणि ट्रॅक्टरच काट्याने मागे ओढला. बांधलेली चाकं सव्वा किलोला घसरली. म्हणजे मोटर कितीही दांडगी असती तरी हा ट्रॅक्टर सव्वा किलोपेक्षा जास्त ओढूच शकला नसता. चाकं जागच्या जागी फिरून वाळू उकरत बसली असती. ओढायची हद्द मोटर ठरवत नाही. चाकाची वाळूवरची पकड आणि चाकावरचं वजन ती ठरवतं.

हे कळल्यावर सगळा हिशेब उलटा सुरू झाला, वाळूपासून मोटरपर्यंत. सायकलच्या जुन्या टायरच्या पट्ट्या चाकांवर आडव्या ठोकल्या. बॅटरी पुढून काढून मागच्या आसावर आणली. पकड सव्वादोन किलोवर गेली. होडी हलायला नेमके सव्वादोनच लागत होते, म्हणजे अजून थोडं वजन मागे हवं. तीन किलोचा जोर धरू असं ठरलं. चाकाची त्रिज्या सहा सेंटिमीटर. तीन गुणिले सहा, अठरा. मोटरच्या माहितीत ‘किलो-सेंटिमीटर’ असा जो आकडा असतो तो हाच: एक सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला ती किती किलो उचलेल. आमची गरज अठरा. पण त्यातही मेख आहे. दुकानदार बहुधा मोटर अडकून थांबते त्या क्षणाचा जोर लिहितात, आणि त्या क्षणी ती जळत असते. रोजच्या कामाला त्याचा तिसरा हिस्सा धरावा. म्हणजे चोपन्नच्या वरची मोटर हवी. चाकं आधी घसरली पाहिजेत, मोटर आधी अडकता कामा नये. हे वाक्य पुतणीने वहीत चौकटीत लिहिलं.

वेग किती, असं मी विचारलं. ती म्हणाली, “अब्बा बाजूने चालत येतील एवढा.” दीर आता सावकाश चालतात. सेकंदाला पाव मीटर धरला. चाकाचा घेर साधारण अडतीस सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला चाळीस फेरे पुरे. कुठे हजारो आणि कुठे चाळीस.

गंमत म्हणजे या सगळ्याला ताकद किती लागते ते मुलाने काढलं: सुमारे सात वॅट. आपल्या बैठकीच्या खोलीत नऊ वॅटचा एलईडी दिवा असतो. मी पुन्हा पुन्हा गुणाकार करून पाहिला. सातच.

आता निवड. शाळेच्या पेटीत पिवळ्या प्लास्टिकच्या डबीतली छोटी मोटर होती, मुलांच्या रोबोटला लावतात ती. तिचे दाते प्लास्टिकचे, ती लगेच बाद झाली. ड्रोनमध्ये असते तशी ब्रशविना मोटर मुलाला हवी होती. ती वेगात राणी, पण आत जागा ओळखणारा सेन्सर नसेल तर ओझ्याखाली सुरुवात करताना ती अडखळते, आणि आमचं तर सगळं दुखणंच सुरुवातीचं. शिवाय तिचं वेगळं नियंत्रक कार्ड महाग. हौशी लोक हळू चालणाऱ्या गाड्यांना जास्त वेढ्यांची मोटर घेतात, पंचावन्न वेढ्यांची वगैरे. वेढे जास्त म्हणजे वेग कमी आणि त्याच विजेत जोर जास्त. ती आवडली, पण तिलाही दातेरी पेटी लागतेच. धातूच्या दात्यांची, मिनिटाला साठ फेऱ्यांची ‘जॉन्सन’ मोटर खरंच योग्य होती. प्रत्येक चाकाला एक अशा दोन घेतल्या असत्या तर काम झालं असतं. दोन मिळून हजाराच्या वर जात होत्या. मी द्यायला तयार होते. पुतणी तयार नव्हती. “आता पैसे नकोत चाची,” म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, सावधपणा होता. तो मला जास्त लागला.

तोडगा तिच्या मामूंकडून आला. ते गॅरेजमध्ये काम करतात. भंगारात निघालेल्या एका गाडीची काचेवरचं पाणी पुसायची मोटर, वायपरची, त्यांनी फडक्यात गुंडाळून आणली. किंमत विचारली तर म्हणाले, भाचीकडून काय घ्यायचं. वायपरच्या मोटरमध्ये आतच मळसूत्रासारखा आटे असलेला गिअर असतो, त्यामुळे मंद वेगावर ती मिनिटाला पंचेचाळीसच्या आसपास फिरते, आणि भिजलेल्या काचेवरून रबर रेटायला बनवलेली असल्याने तिचा जोर आमच्या चोपन्नच्या हद्दीला सहज पार करतो. वीज थांबली तर ओझं तिला उलटं फिरवू शकत नाही. बारा व्होल्टवरच चालते. दोष दोन. एक, त्या मळसूत्री गिअरमध्ये बरीच ताकद वाया जाते. सात वॅटच्या कामाला बॅटरीतून तीसेक वॅट ओढले जातात. पण आम्हाला पाच मिनिटंच दाखवायचं होतं. दुसरा दोष वजन, किलोभर. विमानाच्या मॉडेलला हा दोष, आमच्या ट्रॅक्टरला हवं असलेलं नेमकं तेच! मागच्या आसावर ती बसवली आणि पकड पावणेतीन किलोवर गेली.

तिच्या वायरींच्या गुच्छातल्या आपल्या दोन कुठल्या हे शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. लाल कार्डाऐवजी दोन रिले घातले, एक पुढे, एक मागे. आणि बॅटरीच्या तोंडाशी दहा अँपिअरचा फ्यूज. दहा रुपयांची ही वस्तू पहिल्या दिवशी असती तर निदान धूर तरी झाला नसता. मोटरला जुन्या डब्याचं झाकण ठोकलं, कारण आमच्या हवेत लोखंड टिकत नाही. ज्या मिठासाठी १९३० च्या मे महिन्यात इथे सत्याग्रह झाला, ते मीठ मोटरच्या तोंडांवर हिरवट पुटं चढवायला दोन आठवडेही घेत नाही.

दुसऱ्यांदा वेळागरला गेलो तेव्हा दोरी दिरांनी बांधली. पुतणीने आकडा ट्रॅक्टरच्या पाठीवर, वर लावला होता, दोरी सरळ दिसावी म्हणून. त्यांनी तो काढला. “गो बाय, दोरी आसाच्या खाली बांध.” मग वाळूवर बोटाने काढून दाखवलं. दोरी आसाच्या वर बांधली आणि ओझं अडलं तर चाकं पुढे जातात, पाठ मागे ओढली जाते आणि तोंड उचललं जातं. मोठा ट्रॅक्टर असा चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. त्यांनी एकदा किनाऱ्यावर एका ट्रॅक्टरची पुढची चाकं कमरेएवढी उचललेली पाहिली होती. ड्रायव्हरने क्लच दाबला म्हणून वाचला. दोन वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

तिने बिस्मिल्ला म्हणून रिमोट दाबला. वायपरचा तो ओळखीचा, पावसातल्या एसटीत ऐकू येतो तसा आवाज. चाकांनी अर्धा फेरा वाळू उकरली, पट्ट्या रुतल्या आणि होडी हलली. सव्वादोनचा हिसका गेला, मग येतच राहिली. दीर हात मागे बांधून बाजूने चालत होते. वीस-बावीस पावलं गेल्यावर चढ लागला तिथे चाकं जागीच फिरू लागली. मोटर अडकली नाही, फ्यूज गेला नाही, चाकं फिरत राहिली. पुतणीने रिमोट सोडला आणि ‘आधी चाकं घसरली, बघा!’ म्हणून उडीच मारली. इतर कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, ट्रॅक्टर हरला आणि ही नाचते आहे.

चढावर दिरांनी होडीखाली दोन ओल्या फळ्या सरकवल्या. काटा लावून पाहिला तर ओढ जवळजवळ निम्म्यावर आली होती. “मोटर वाढवूक नको, घसरण वाढव,” ते म्हणाले. प्रदर्शनात तिने दोन्ही प्रकार मांडले, वाळूची एक परात आणि फळ्यांची एक.

प्रदर्शनात पहिला नंबर आला नाही, तिसराही नाही. एक परीक्षक थांबले आणि विचारलं, भंगारातली मोटर का, नवी का नाही? तिने उत्तर द्यायच्या आधी त्यांच्या हातात काटा दिला आणि म्हणाली, “सर, आधी ओढून बघा.” त्यांनी ओढून पाहिलं, आकडा वाचला, वहीतली चौकट वाचली आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. शेजारच्या टेबलावरच्या ज्वालामुखीला दुसरा नंबर मिळाला. असो. ज्वालामुखीने छान रंग उधळला होता.

जळलेली ७७५ मी माझ्या शाळेच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवली आहे. वजनाला चांगली आहे.

गेल्या पगाराच्या दिवशी मी एका पाकिटात नऊशे रुपये घातले. वरती ‘ईदी’ लिहिलं, मग ते खोडून ‘कर्ज’ लिहिलं. ईदी म्हणून दिले असते तर माझी चूक बक्षिसाखाली झाकली गेली असती. पुतणीने पाकीट घेतलं, आत जाऊन नोटा मोजल्या आणि बाहेर आली.

“चाची, मामूंकडे जायला-यायला एसटीचे साठ रुपये मीच दिले होते.”

दिरांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते हसत होते. मी पर्स आणायला आत गेले.